खाडाखोडीवरची सही

दहा वाजत आले, तरी सरोजिनीच्या पायांना थारा नव्हता. माजघरातून ओसरीवर, ओसरीवरून पुन्हा माजघरात! हातात हायस्कुलातली विषयांची चिठ्ठी, तिच्यावर काल आप्पांनी केलेली सही. अकराच्या घंटेला ती हेडमास्तरांकडे पोचायला हवी. एकदा पोचली की मॅट्रिकपर्यंत विषय बदलायचं नाव नको.

पोरीला व्हायचं होतं डॉक्टर. आणि घेतलं काय, तर ‘शरीर व आरोग्य’! त्यात हृदयाचं चित्र, फुप्फुसाचं चित्र, म्हणजे डॉक्टरीचा विषय हाच, असं तिला वाटलं. आप्पा, म्हणजे बेळगावच्या कोर्टातले कारकून उपेंद्रराव, तेही मान डोलावून मोकळे. काल संध्याकाळी खडेबाजारातल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र कपाळावर हात मारला.

“अगं, पदार्थविज्ञान आणि रसायन नसेल तर सायन्स कॉलेजच्या दारात उभं करणार नाहीत तुला! मग डॉक्टरी कुठली?”

झालं! सकाळी उठल्याबरोबर तिनं टाक उचलला, जुना विषय सरळ रेघेनं खोडला आणि वर लिहिलं, ‘पदार्थविज्ञान व रसायन’.

आता खोडल्या जागी आप्पांची सही हवी. आणि आप्पा पडले कोर्टातले! बिनसहीची खाडाखोड दिसली की भल्याभल्या पक्षकाराला परत पाठवणारे.

आप्पा कोटाची बटणं लावत बाहेर आले. चिठ्ठी पाहिली आणि त्यांनी नजर चुकवली. सरोजिनी चमकली.

“आप्पा, तुम्हाला ठाऊक होतं?”

“हेडमास्तर बोलले होते,” आप्पा पुटपुटले. “पण डॉक्टरीसाठी मुंबईला एकटी पोर, इतकी वर्षं... मग स्थळं कोण आणणार गं?”

ज्यांच्या शब्दावर डोळे मिटून चालली, त्यांनीच असं करावं! रडूसुद्धा येईना मेलं.

“सही करा, नाहीतर मी करते. तुमची सही मला हुबेहूब येते.”

खोट्या सहीपायी तुरुंगात गेलेली माणसं आप्पांनी वीस वर्षं बघितली होती, आणि ही काही चेष्टा करत नव्हती. तिनं टाक दौतीत बुडवलासुद्धा.

“आण इकडं तो टाक,” आप्पा म्हणाले. “घरात खोटं एकानं केलं तेवढं पुरे.”

त्यांनी रेघेच्या कडेला सही केली, खाली तारीख घातली. शाई वाळायलाही सरोजिनी थांबली नाही. चिठ्ठीवर फुंकर मारत मारतच ती पायऱ्या उतरली.