पांढरी ठिणगी

साहेबराव ढवळ्यांच्या तोंडून "माझं चुकलं" हे शब्द ऐकलेला माणूस जालन्यात शोधून सापडला नसता. बायको दैवशालाबाई सांगायची, "लग्नाच्या मांडवात माझ्याऐवजी माझ्या बहिणीच्या गळ्यात हार घालाय निघाल्ते, तवाबी म्हणले, तीच मधी आली!" असला माणूस. आणि अशा माणसाच्या मालाला कुणी खोटं म्हणावं?

म्हटलं रिजवाननं. तेही चारचौघांत.

आधी साहेबरावांचं सांगतो. मूळचे केदारखेड्याचे. तरुणपणी एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलच्या भंगार यार्डात धातू निवडायला होते. तिथली रीत अशी, की तुकडा कशाचा आहे कळत नसेल तर तो ग्राइंडरला लावायचा आणि ठिणगी बघायची. ठिणगी लाल की पिवळी, फुटते की नुसती पळते, त्यावरून माल ओळखायचा. साहेबरावांची नजर त्यात पक्की बसलेली. पुढे त्यांना आवाजाचा नाद लागला. भजनी मंडळांचे भोंगे दुरुस्त करता करता त्यांनी स्वतः स्पीकर बांधायला सुरुवात केली, आणि आता घराच्या पुढच्या खोलीत दुकान थाटून शौकीन लोकांसाठी सागवानी पेट्यांचे भारीतले स्पीकर बनवत होते. हात चांगला होता, यात वाद नाही. वाद पुढंच आहे.

यंदा त्यांनी दिल्लीच्या एका व्यापाऱ्याकडून खास ट्वीटर मागवले. ट्वीटर म्हणजे स्पीकरमधला तो लहान भाग, जो बारीक, वरचे सूर काढतो. त्याच्या मधोमध धातूच्या पापुद्र्याची रुपयाएवढी वाटी असते. व्यापारी म्हणाला, ही वाटी बेरिलियमची आहे. बेरिलियम म्हणजे फार हलका, फार ताठ आणि महागामोलाचा धातू. जगातल्या नामी स्पीकरांत तोच असतो म्हणे. साहेबराव हरखले. 'जालन्यात बेरिलियम' अशी पाटीच रंगवून घेतली त्यांनी.

रिजवाननं पहिली जोडी घेतली. हा पोरगा त्याच जुन्या भंगार यार्डात आता इन्चार्ज होता, आणि त्याचे वडील गयासोद्दीन साहेबरावांचे जुने सोबती. रिजवाननं महिनाभर ऐकलं आणि शौकीन मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, "काका, स्पीकर बढिया हाय, पण वाटी बेरिलियमची न्हाई. मला टायटॅनियम वाटून राह्यलं. तुम्हाला फसवलंय."

झालं! साहेबरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते "तुम्हाला फसवलंय" त्यांनी वाचलंच नाही, "न्हाई" एवढंच वाचलं. ग्रुपवर दोन तट पडले. रोज सकाळी चहाआधी भांडण. रिजवान बिचारा म्हणायचा, "काका, यार्डात तपासायची गन हाय. धातूवर धरली की पडद्यावर नाव येतं. एक जल्दी चक्कर मारा ना." त्यावर साहेबराव भडकायचे. "माझ्या मालाला भंगाराची गन लावतो व्हय रे? ठिणगी वळखायला तुझ्या बापाला म्या शिकवलंय!"

आणि त्या दुपारी त्यांच्या डोक्यात ते आलंच. गन कशाला? आपली ठिणगी आहे की.

त्याच लॉटमधला एक ट्वीटर दुकानात जादाचा पडला होता. साहेबरावांनी जाळी काढली, वाटी उचकटली आणि लेकीला हाक मारली. शालू घनसावंगीहून बाळंतपणाला माहेरी आली होती. दिवस भरत आले होते.

"शालू, मोबाइल घे बाई. व्हिडिओ काढ. जवळून काढ, ठिणगी बराबर दिसली पाह्यजे."

"अण्णा, कशाला चांगली वस्तू फोडून राह्यलात?" शालू म्हणाली, पण उठली. एक हात कमरेवर, एका हातात मोबाइल, ग्राइंडरपाशी वाकून उभी राहिली. साहेबरावांनी वाटी पकडीत दुमडून धरली आणि चाकाला लावली. चर्रर्र! पांढरीशुभ्र ठिणगी उडाली. अशी पांढरी ठिणगी त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

"बघा!" ते कॅमेऱ्याकडे बघून गरजले. "लोखंडाची अशी असती का? बेरिलियम हाय, अस्सल बेरिलियम!"

आता बेरिलियमची ठिणगी कशी असते, ते तरी त्यांना कुठं माहीत होतं? बिलकुल नाही. पण एवढा विचार करतील तर ते साहेबराव कसले! व्हिडिओ ग्रुपवर गेला. पंख्याच्या वाऱ्यानं राखाडी भुकटी खोलीभर उडत होती आणि साहेबराव मिशीला पीळ देत बसले होते.

लगेच फोन वाजला. रिजवान. साहेबरावांनी मुद्दाम स्पीकरवर टाकला, शालूला ऐकू यावं म्हणून. "बोल, पडला का उजेड?"

"काका, ग्राइंडर बंद करा. पंखा बंद करा. खोलीत कोन कोन हाय?"

"शालू हाय. का रे?"

"काका, ते खरंच बेरिलियम असंल ना, तर त्याची धूळ जहर असती. छातीत जाऊन बसती. ज्याला बाधलं त्याचं फुप्फुस हळूहळू निकामी हुतं, आन् ते लगेच कळतबी न्हाई, लई वर्षांनी कळतं. शालूताईला आधी बाहेर काढा. झाडू मारू नका, वल्या फडक्यानं पुसा. कपडे बदला सगळ्यांनी. आन् उरलेली वाटी बांधून यार्डात घेऊन या, गनवर बघू."

साहेबरावांनी लेकीकडे पाहिलं. तिच्या हिरव्या गाऊनवर, पोटावर, ती भुकटी बसली होती. त्यांनी धावत जाऊन पंखा बंद केला.

पुढं घरात काय धांदल उडाली ते विचारू नका. दैवशालाबाईनं लेकीला न्हाणीत नेलं आणि आतूनच नवऱ्याचा उद्धार सुरू केला. साहेबराव गुडघ्यावर बसून ओल्या फडक्यानं फरशी पुसत होते, तोंडाला रुमाल बांधून. न्हाणीत शालू एकदा खोकली. एकदाच, साबणाचं पाणी गेलं असेल घशात. तरी साहेबरावांच्या हातातलं फडकं तिथंच गळून पडलं. देवा, त्यांना वाटलं, मला खोटं पाड. आयुष्यभर मी खराच ठरावं म्हणून भांडलो, आज तेवढं खोटं पाड.

उरलेली वाटी त्यांनी पिशवीत घट्ट बांधली, पिशवी डब्यात घातली आणि मोटारसायकल काढली. कुंडलिका नदीचा पूल ओलांडेपर्यंत त्यांना स्वतःचंच बोलणं ऐकू येत होतं. जवळून काढ. जवळून काढ, म्हणे! स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावीशी वाटत होती, पण हात हँडलवर होते.

यार्डाच्या फाटकात रिजवान गन घेऊनच उभा होता. मोठ्या पिस्तुलासारखं यंत्र, मागच्या बाजूला लहानसा पडदा. एरवी साहेबरावांनी त्याला शंभर नावं ठेवली असती. आज हात जोडले.

"रिजवान, बाबा, तूच खरा निघ."

"काका, आधी एक सांगून ठेवतो," रिजवान हळू आवाजात म्हणाला. "ही गन बेरिलियम वळखत न्हाई. लई हलका धातू हाय तो, हिला दिसतच न्हाई. म्हणून पडद्यावर काहीच न्हाई आलं, तर..."

"तर?"

"तर मंग तुमचं खरं."

पिशवी न उघडता त्यानं वरूनच गनचं तोंड टेकवलं आणि घोडा दाबला. साहेबराव त्या पडद्याकडे बघत राहिले. पडदा कोरा. गन गुणगुणत होती आणि पडदा कोराच. मागे क्रेननं भंगाराचा गठ्ठा खाली टाकला, त्याच्या आवाजानं ते दचकले. नजर मात्र हलली नाही. ये, ते मनात म्हणत होते, काहीबी ये, लोखंड ये, पत्रा ये, पण ये.

टुंग झालं. रिजवाननं पडदा त्यांच्यापुढं धरला. दोनच इंग्रजी अक्षरं, आणि पुढं जवळजवळ शंभर टक्के.

"टायटॅनियम," रिजवान म्हणाला. "शुद्ध टायटॅनियम, काका. पांढरी ठिणगी त्याचीच. आमच्या अब्बांच्या मांडीत डॉक्टरनं ह्याचीच पट्टी बसवली, मजेत चालून राह्यले. काही हुत न्हाई!"

साहेबराव तिथंच भंगाराच्या ढिगाशेजारी मटकन खाली बसले. आधी रडले. चांगले मोठ्यानं, मिशा ओल्या होईपर्यंत रडले. मग हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी रिजवानला असं कवटाळलं की पोराच्या डोक्यावरचं हेल्मेट पडलं. "फसवलं रे मला त्या भामट्यानं!" ते म्हणत होते, "काय झकास फसवलं! देव त्याचं भलं करो!" यार्डातले हमाल काम सोडून बघत राहिले.

घरी फोन तिथूनच केला. पलीकडे दैवशालाबाईनं एवढा मोठा श्वास सोडला की फोनमधून वारा यावा.

परतताना त्यांनी पेढे घेतले. दैवशालाबाई दारातच उभी होती. डोळे सुजलेले होते, पण तोंड जागेवर आलं होतं. "हारलेला माणूस पेढे वाटतो का कधी? उलट्या खोपडीचे तुमी!"

"घे, दोन घे," साहेबराव म्हणाले. त्यांनी आधी खुर्ची आणून 'जालन्यात बेरिलियम' ही पाटी उतरवली, तोंड भिंतीकडे करून टेकवली, आणि शालूपुढं येऊन उभे राहिले. ती न्हाऊन, ओले केस मोकळे सोडून बाजेवर बसली होती. एक पेढा तिला भरवला, अर्धा तिच्या पोटाकडे बघत स्वतः खाल्ला.

"मोबाइल घे बाई. व्हिडिओ काढ."

"आता कशाचा?"

"काढ म्हणलं ना. जवळून न्हाई, तिथूनच काढ."

शालूनं मोबाइल धरला. साहेबरावांनी टोपी नीट केली, घसा खाकरला. "राम राम मंडळी. वाटी बेरिलियमची न्हाई. टायटॅनियमची हाय. रिजवान खरा. ज्यांनी ज्यांनी माझ्याकडून स्पीकर नेले, त्यांनी सांगावं, काय करायचं ते करून देईन. आन्..." इथं ते अडले. दैवशालाबाईच्या हातातला पेढा तोंडापाशी थांबला. "आन् माझं चुकलं."

शालूचे खांदे हसण्यानं हलत होते, पोटही हलत होतं, आणि मोबाइल तर पार हलला होता. "अण्णा, काहीच नीट न्हाई आलं. फक्त तुमच्या टोपीचा शेंडा आला."

आदल्या दिवशी असतं, तर केवढा भडका उडाला असता. साहेबराव लेकीकडे बघतच राहिले. गालावर पेढ्याचा कण लावून ती खळखळून हसत होती, छाती भरून श्वास घेत होती.

"मंग काय झालं," ते म्हणाले. "परत म्हणतो की. लाव."

आणि परत म्हटलं, शेजारच्या घरांत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.