एका घरचे डोळे

ही गोष्ट १९७१ सालच्या उन्हाळ्यातली. तेव्हा बेटावर उतरणाऱ्याला धक्क्यावर आधी दिसे तो काळा फळा. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर रोज सकाळी त्यावर खडूने लिहीत, काल कुठं काय दिसलं ते. उत्तरेच्या खडकावर कासव, दीपस्तंभाखाली डॉल्फिनची जोडी. पाहुणे तो वाचत आणि मग तिकिटाच्या खिडकीशी येऊन तिथं बसणाऱ्या धाकटीला, बेटावरच्याच एका घरच्या धाकट्या सुनेला, वाट विचारत.

फळ्याचा नियम कडक होता. दोघांनी पाहिलं असेल तरच खडू चालायचा. पाहुण्यांची साक्ष धरत नसत, कारण त्यांना प्रत्येक घारीत गरुड दिसे. आणि एका घरची दोघं असली तर ती एकच धरायची. पूर्वी दोन भावांनी मिळून एक देवमासा फळ्यावर चढवला होता, तो पालथी पडलेली होडी निघाला. तेव्हापासून हे चाललेलं.

त्या उन्हाळ्यात धाकटीला वाळूच्या दांड्यावर सुरय पक्ष्यांची घरटी दिसली. घरटी कसली, नुसते खळगे, आणि त्यांत खड्यांसारखी ठिपक्यांची अंडी. वर काळ्या टोपीची पांढरी पाखरं जीव तोडून ओरडत होती. येत्या रविवारपासून नेमक्या त्याच दांड्यावर सहलीच्या होड्या लागणार होत्या. बंदराच्या साहेबांनी मास्तरांना शब्द दिला होता, की फळ्यावर घरटं असेल तिथं पिल्लं उडेपर्यंत होडी लागणार नाही. फळ्यावर नसेल, तर त्यांच्या लेखी ते नाहीच.

धाकटीने आधी मास्तरांनाच नेलं. मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "वाळू पांढरी, पाखरं पांढरी, तुझं तोंडही पांढरंच दिसतंय बाई. खोटं कसं लिहू?" होडीवाल्यांना विचारलं तर त्यांना त्याच वेळी जाळी विणायची आठवण होई. शेवटी चिडून ती सासूबाईंना काठी टेकत टेकत घेऊन गेली. म्हातारीची नजर घारीसारखी. "अगं, ही काय अंडी. पायाखाली आली असती की."

"तुम्हाला दिसून काय उपयोग, आई? आपण एका घरच्या."

"मग थोरलीला ने."

"त्या कुठल्या घरच्या?"

थोरली जाऊ तीन वर्षांपूर्वी नवऱ्याला आणि शेगडीला घेऊन गल्लीपलीकडे राहायला गेली होती आणि धक्क्यावर तिने चहाचं दुकान टाकलं होतं. सासूबाईंनी ते कधी मानलंच नाही. "वेगळं कोण झालंय? चूल जरा पलीकडे आहे, एवढंच," असं त्या भेटेल त्याला सांगत. रोज त्या दोघांचीही ताटं मांडत आणि रोज रिकामीच उचलून ठेवत.

शनिवारी धाकटी चहाच्या दुकानात गेली. थोरली कपबशा विसळत होती.

"अंडी ना? मी परवाच पाहिली. राख टाकायला गेले होते."

"मग बोलला का नाहीत, जाऊबाई?"

"बोलले की मास्तरांना. ते म्हणाले, तुमच्या सासूबाई घर एकच म्हणतात, तेव्हा तुमचे डोळे धाकटीत जमा. तीन वर्षं घसा फोडून सांगतेय मी वेगळी आहे म्हणून. तेव्हा तुला कधी वाटलं नाही मधे पडावंसं. आज पाखरांसाठी आलीस." थोरलीने बशी आपटली. "आणि होड्या आल्या तर चहा माझाच खपणार आहे. तरी पाहिलं म्हणतेय, हे लक्षात ठेव."

धाकटी तशीच घरी गेली आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या काठी उचलून चालू लागल्या.

धक्क्यावर मास्तर फळा पुसत होते.

"लिहा, मास्तर. दांड्यावर घरटी आहेत. धाकटीने पाहिली, थोरलीने पाहिली."

"काकी, नियम तुम्हाला ठाऊक आहे. घर एक की दोन?"

थोरली दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. म्हातारी काठीच्या टोकाने लाकडाच्या फटीतली वाळू उकरत राहिली.

"दोन," ती म्हणाली. "आणि जरा बारीक लिहा. सगळ्या बेटाला कशाला कळायला हवं?"

"मी पाखरांचं लिहितोय, काकी. घराचं नाही."

"मला कुठं वाचता येतंय. मला दोन्ही सारखंच."

त्या रात्री सासूबाईंनी दोन ताटं कमी मांडली. मनासारखं झालं होतं, तरी धाकटीची नजर त्या रिकाम्या जागेकडे जात राहिली.

होड्या पिल्लं उडेपर्यंत दांड्यावर लागल्या नाहीत. होडीवाले पावसाळ्यापर्यंत धाकटीशी बोलले नाहीत. मास्तरांनी पुढच्या हिवाळ्यात डोळ्यांचं ऑपरेशन केलं आणि तडक दांड्यावर गेले, तेव्हा तिथं एकही पाखरू नव्हतं. काही वर्षांनी दांडाच समुद्राने खाल्ला. थोरलीचं दुकान तिच्या मुलाने वाढवलं. सासूबाईंनी शेवटचं आजारपण थोरलीकडेच काढलं, कारण तिच्या घराला पायऱ्या नव्हत्या. समाचाराला येणाऱ्याला त्या म्हणत, "इथं पाहुणी आहे मी," आणि थोरलीकडे बघत.

धाकटी आता म्हातारी झाली आहे. उन्हाळ्यात ती नातीला घेऊन किनाऱ्याने हिंडते. दोघींना बरंच काही दिसतं. पण एका घरच्या, म्हणून त्या ते कुणाला सांगत नाहीत.