कोरड्या पिठाचे हात

पौष लागला की सुंदरम्माची बोटं तिच्याशी भांडण काढायची. एरवी निदान बोलाचाली तरी असायची, पौषात तीही बंद. अशी सहा वर्षं झाली होती. निर्गुडीचा पाला बांधून झाला, वाळूचा शेक झाला, एरंडेल चोळून झालं. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला होता, "बाई, हा वात आहे, हा आता सोबतच राहणार."

"राहू दे की," सुंदरम्मा त्याला म्हणाली होती, "पर सणासुदीला तरी जरा गावाला जाईल का न्हाय?"

छे! सणाला तर तो मेला हातपाय पसरून मुक्काम ठोकायचा. इकडं संक्रांत, गड्ड्याची जत्रा, सोलापुरात माणूस मावेना, शुक्रवार पेठेत घराघरातून बाजरीच्या भाकऱ्या थापल्याचा आवाज, आणि सुंदरम्मा आपली हात मांडीवर घेऊन बसलेली. या वर्षी कासारीण आली तर बांगडी बोटांच्या गाठींवरून पुढं सरकेचना. कासारणीनं तेल लावलं, दाबून पाहिलं, सुंदरम्माच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "राहू द्या अक्का," असं म्हणून कासारीण जुन्याच बांगड्यांना कुंकू लावून गेली.

पण खरा घोर बांगड्यांचा नव्हताच. घोर होता अण्णाचा.

अण्णा म्हणजे तिचा थोरला भाऊ मल्लप्पा. साठी उलटलेला, अक्कलकोटाकडं नागणसूरला शेती करणारा. दर वर्षी भोगीला तो गाडीनं सोलापूरला यायचा. सांगायला गड्डा, पण यायचा सुंदरम्माच्या हातची भाकरी खायला. तीळ लावलेली, पातळ, निखाऱ्यापुढं उभी करून कडक केलेली. पहिला घास मोडला की म्हणायचा, "अव्वाची भाकरी!" अव्वा म्हणजे त्यांची आई. तिला जाऊन तीस वर्षं झाली होती, पण भोगीच्या दिवशी बहीणभाऊ तिला चुलीपुढं आणून बसवायचेच.

काय दिवस होते ते! भोगीच्या पहाटे डोळे उघडले की भाकऱ्यांचा खमंग वास यायचा. अव्वा चुलीपाशी बसलेली, कोपरापर्यंत पीठ, बाजूला भाकऱ्यांची ही चळत. मग फडक्यात भाकऱ्या बांधून सगळे बैलगाडीतून गड्ड्याला निघायचे. वाटेत अण्णा हळूच एक कड मोडून द्यायचा, "तंगी, अव्वाला सांगू नको." धाकट्या बहिणीला त्यांच्याकडं तंगीच म्हणायचे. गड्ड्यात नंदीध्वजाच्या उंच काठ्या आल्या की तो तिला खांद्यावर घ्यायचा. "दिसली का गं?" तिला लोकांचे फेटेच दिसायचे, पण ती ओरडायची, "दिसली!" बिचाऱ्याचा खांदा फुकट कशाला घालवा?

इतकी वर्षं भोगीला सुंदरम्मानं दातओठ खाऊन कशाबशा दोन भाकऱ्या थापल्या होत्या, या वर्षी तेही जमेना. आता या अण्णाला कळलं की बहिणीला भाकरी थापवत नाही, तर तो पुढच्या वर्षी येणार नव्हता. ही नुसती भीती नव्हती, घडलेलं होतं. करकंबला दिलेली धाकटी बहीण चंद्रव्वा दमेकरी. एकदा तिला चुलीपुढं धापा टाकताना अण्णानं पाहिलं, आणि त्यानंतर पाच वर्षं तिचा उंबरा चढला नाही. "आपल्यापायी तिच्या जिवाला तरास नको," म्हणायचा. मोठा शहाणा! चंद्रव्वा बिचारी दर सणाला वाटेकडं डोळे लावून बसायची, भेटली की रडायची.

म्हणून सुंदरम्मानं बेत केला. सून ईरम्मा म्हणाली, "अत्ती, मामांना सरळ सांगा की."

"गप गं! तू थाप. बाकीचं मी बघते."

भोगीला अण्णा आला. दर वर्षी घोंगडीवर मांडी घालून बसणारा माणूस आज बाजल्यावर टेकला, पण सुंदरम्मा आपल्याच भानगडीत होती, तिच्या ध्यानात आलं नाही. आत ईरम्मा भाकऱ्या थापत होती. सुंदरम्मानं डब्यातलं पीठ घेतलं, पंजाला फासलं, कोपरापर्यंत चोळलं, आणि दोन्ही मनगटांवर ताट तोलत बाहेर आली. ताटात भाकरी, भोगीची भाजी, शेंगाची चटणी, लोणी.

अण्णानं घास मोडला, चावला. "अव्वाची भाकरी" काही म्हणाला नाही.

"चांगली हाय. कुनी थापली?"

"मी! दुसरं कोन थापनार?"

"हात बघू."

तिनं हात पुढं केले. अण्णानं ते उलटेपालटे करून पाहिले, बोटांच्या गाठींवरून अंगठा अगदी हलका फिरवला. "कोपरापातूर पीठ हाय, पर सगळं कोरडं. तळव्याला ओलं पीठ कुटंच चिकटलं न्हाय. कोरड्या हातानं भाकरी थापत्यात व्हय गं?"

झालं! एवढा बेत केला आणि पाण्यात हात बुडवायचं तेवढं राहिलं. सुंदरम्मा उसळून म्हणाली, "तू गडीमानूस, तुला रं काय कळतंय भाकरीतलं?"

"लई कळतंय." अण्णानं आवाज खाली आणला. "अव्वाची कंबर दर हिवाळ्यात धरायची. उठाय यायचं न्हाय, बसाय यायचं न्हाय. पहाटं दार लावून मी थापायचो. गाव हसंल म्हनून कुनाला सांगू नको म्हनायची. तू उठायच्या आत तिला चुलीपाशी टेकवायचो. आन् ती असंच पीठ फासून बसायची बघ, कोपरापातूर. तुला कळू नये म्हनून."

पन्नास वर्षं सुंदरम्मानं जपून ठेवलेली ती पहाट, ते पिठाचे हात! अव्वाला तेव्हा किती दुखत असेल, आणि कपाळावर एक आठी नाही. सुंदरम्माच्या मनात दडवलेलं सगळं बाहेर पडलं. "माजी बोटं गेली रं अण्णा. सहा वर्सं झाली. आता तू यायचा न्हाईस. चंद्रव्वाकडं जायचा बंद झालास, तसा माज्याकडं बी बंद हुशील."

अण्णा ताट बाजूला ठेवून उठला, भिंत धरत धरत आत गेला. ईरम्मा लगबगीनं पदर सावरत बाजूला झाली. काटवटीपुढं बसताना त्याच्या तोंडून "आई गं" निघालं. हात ओला करून त्यानं पिठाचा गोळा घेतला आणि थापायला लागला. तीन थापा, एक फिरकी. तीन थापा, एक फिरकी. तोच आवाज! अर्धवट झोपेत ऐकलेला. सुंदरम्मा दाराला टेकून डोळे मिटून ऐकत राहिली.

भाकरी तव्यात पडली. अण्णा उठायला गेला आणि उठताच येईना.

"काय झालं रं?"

"गुडघं," तो ओशाळून म्हणाला. "दोन वर्सं झाली. टेसनापासनं टांगा करतो, गल्लीच्या तोंडाला सोडतो आन् पुढं चालत येतो. तुला कळलं तर 'येऊ नको' म्हनशील."

"अरं लबाडा! आन् माजे हात तपासतोस?"

दोघंही हसायला लागली. हसता हसता तिनं त्याच्या काखेत हात घातला, "आई गं" म्हणून काढून घेतला, परत घातला. ईरम्मानं दुसरी बाजू धरली. तरी अण्णा जागचा हलला नाही.

"राहू दे. बसलोयच तर अजून दहा थापतो," तो म्हणाला. "कडक कर आन् फडक्यात बांध. परवा करकंबला जाऊ. चंद्रव्वाच्या चुलीपुढं मीच बसतो."

"आन् तितनं तुला उटवनार कोन?"

"तुमी दोगी की," अण्णा म्हणाला आणि पुढचा गोळा हातात घेतला.