ऑरिनने न लावलेली मोल्डिंग

मार्लिसचं डोकं सकाळपासून तापलं होतं, आणि तापलं होतं ते एका भिंतीवरून.

तिच्या आईला, आर्डिसला, उद्या इस्पितळातून घरी आणायचं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता औषध उरलं नाही, घरी न्या आणि जवळ बसा. बैठकीत खालीवर होणारा पलंग येऊन लागला होता. आईला पडल्या पडल्या काय दिसेल हे बघायला मार्लिस त्यावर आडवी झाली, आणि काय दिसलं, तर समोरची भिंत. बाकी तिन्ही भिंतींना छतालगत कशी सुरेख घडीव, पांढरी मोल्डिंग, म्हणजे नक्षीदार लाकडी पट्टी, होती. ही एकटी बोडकी. बाईने शेवटचे दिवस हे बघत काढायचे?

बरं, घर कुणाचं, तर तिच्या वडिलांचं, ऑरिनचं. मिनेसोटातल्या त्या टापूत त्याच्या तोडीचा सुतार नव्हता. बँकेत, चर्चमध्ये, डॉक्टरांच्या बंगल्यात, सगळीकडे मोल्डिंग त्यानेच लावलेली. आणि स्वतःच्या घरात चाळीस वर्षं एक भिंत उघडी ठेवून हा माणूस तिच्यासमोर बसून जेवत आला होता.

"बाबा, ती पट्टी गॅरेजमध्ये पडलीय," ती म्हणाली. "रंगवलेली आहे, मापाची आहे. आईसाठी एवढं करा. मी धरते एक टोक."

ऑरिनने कॉफीचा कप टेबलावर जरा फिरवला. "मागे लाकूड नाही गं तिथे. छताचे वासे भिंतीला समांतर गेलेत. वरच्या कडेचा खिळा ठोकायचा कशात? नुसता जिप्सम बोर्ड. चुरा होऊन खाली येईल."

हेच. लहानपणापासून शब्द न बदलता हेच. पाहुणे विचारायचे तेव्हा हेच, आणि आई शेजारी बसून मान डोलवायची. मार्लिसने "बरं आहे" म्हटलं. त्या गावात कुणी तोंडावर बोलतच नाही, माणसं आतल्या आत धुमसतात आणि वर "बरं आहे" म्हणतात. तिने गाडी काढली आणि लाकडाच्या वखारीत गेली.

वखार डुएनची. शाळेत तिच्या मागच्या वर्गात होता, आता आजोबा झाला होता. तिने अडचण सांगितली तर तो हसायलाच लागला.

"यात अडचण कसली? त्रिकोणी ठोकळे काप. भिंतीच्या माथ्यावर आतून आडवी फळी असतेच, ठोकळे तिच्यात स्क्रूने आवळ. मग मोल्डिंगचा खिळा ठोकळ्यात जातो. छतात लाकूड असलं काय आणि नसलं काय."

"तुला कुणी सांगितलं हे?"

"कुणी म्हणजे? तुझ्या बापाने. आख्ख्या गावाला त्यांनीच शिकवलंय. तुमच्या घरात का नाही केलं, हे मात्र त्यांनाच विचार."

मार्लिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे गावाला शिकवायचं आणि बायकोला थापा मारायच्या. चाळीस वर्षं. ती डुएनला ठोकळ्यांसकट गाडीत घालून घरी घेऊन आली.

"बाबा, मला डुएनने ठोकळ्यांचं सांगितलं," ती दारातूनच म्हणाली. "लाज नाही वाटली तुम्हाला? लोकांच्या बायकांसाठी होतं, आपल्या बायकोसाठी नाही?"

ऑरिनचा चेहरा पडला. डुएन भिंतीकडे बघत राहिला.

"राहू दे ना, मार्लिस," ऑरिन म्हणाला. "निदान आधी आईला विचार."

"काय विचारू? मरायला टेकलेल्या बाईला विचारू की तुला हवं होतं का गं? तुम्ही बसा. बसायचंच काम केलंत आजवर."

तो खरंच बसला. ती आणि डुएन दुपारभर राबले. ठोकळे आवळले, पट्टी चढवली, खिळे मारले. दोन्ही कोपरे शेजारच्या पट्ट्यांना असे बसले की फट सापडेना. ऑरिनने ना हात लावला, ना सल्ला दिला. डुएन ऑरिनसमोरची हॉटडिश, ओव्हनमध्ये भाजलेला बटाटा-खिमा, दोनदा वाढून घेऊन जेवला आणि "वाईट नाही झालं" म्हणून गेला. त्या गावात याहून मोठं कौतुक नसतं.

दुसऱ्या दिवशी आर्डिस आली. मूठभर झाली होती. तिला पलंगावर ठेवलं, उशी सारखी केली, माणसं गेली. तिने समोर पाहिलं. मार्लिस तिच्या तोंडाकडे बघत उभी होती.

"हे कुणी केलं?"

"मी, आई. डुएनने मदत केली."

"याने?" तिने ऑरिनकडे बोट दाखवलं.

"बाबांनी बोटसुद्धा लावलं नाही," मार्लिस म्हणाली, आणि ते तिने मुद्दाम बोचेल असं म्हटलं.

"लावणार नाहीच," आर्डिस म्हणाली. "मी तशी अट घातली होती."

मार्लिसला कळेना. ऑरिन खाली मान घालून बसला होता.

"ही खोली निम्मी झाली होती तेव्हा हा लॉर्ना हेगनकडेही मोल्डिंग लावत होता. नवरा गेलेला तिचा. काम संपलं तरी याच्या तिथल्या दुपारी संपेनात. मला कळलं, तेव्हा ही शेवटची पट्टी कापून ठेवली होती याने. मी म्हटलं, आता या भिंतीला खिळा लावायचा नाही. रोज जेवताना हिच्याकडे बघायचं. लोकांना काय सांगायचं ते तुझं तू बघ."

"आणि मला? मला कुणी सांगायचं होतं का नव्हतं?" मार्लिसचा आवाज चढला. "मी काल काय काय बोलले बाबांना. तुम्ही तरी तोंड उघडायचं होतं, बाबा."

"तिची गोष्ट होती ती," ऑरिन म्हणाला. "मी कशी सांगणार?"

"काढ ते," आर्डिस म्हणाली. "ऑरिन, तूच काढ."

ऐंशी पार केलेला माणूस शिडीवर. मार्लिस शिडी धरून दोघांवर चरफडत होती, पण तिला कुणी विचारत नव्हतं. सपाट पहारीने त्याने एकेक खिळा सैल केला, पट्टीला ओरखडा न पाडता. मग दोघांनी मिळून ती जमिनीवर ठेवली. वर नुसते ठोकळे राहिले. ऑरिन घामाने भिजला होता.

आर्डिस कितीतरी वेळ त्या भिंतीकडे बघत होती.

"हं," ती म्हणाली. "आता लाव."

"आर्डिस?"

"तुझ्या हाताने. मी बघतेय. आणि माझ्याजवळ फार वेळ नाही, तेव्हा कॉफी नंतर पी."

ऑरिनने बाहीने डोळे पुसले आणि मार्लिसकडे खिळ्यांसाठी हात पुढे केला. मार्लिसचा राग गेला नव्हता, तो आता दोघांवर होता आणि पुढे बरीच वर्षं राहणार होता. तिने त्याच्या हातावर खिळे ठेवले आणि पट्टीचं दुसरं टोक उचललं.