पुलाच्या अलीकडे

मोरोपंत वकिलांना झटका आला, उजवा हात कायमचा मांडीवर येऊन पडला, आणि त्या दिवसापासून ते रमीत हरायचेच बंद झाले. राजापेठेतल्या त्या घरात तसा कोणी ठराव केला नव्हता. पण आजारी माणसाला हरवायचं नाही, ही आपल्याकडची रीतच आहे. कोर्टातले जुने बेलीफ देवमन संध्याकाळी यायचे, मोरोपंतांना लागणारं पान नेमकं हेरून खाली टाकायचे आणि वर म्हणायचे, "वकीलसाहेब, तुमचं नशीब लय जोरात हाय!" मोरोपंतांची सून चारुता चहा देता देता ते पाहायची. तिला देवमनकाकांचं कौतुक वाटायचं.

पण जन्मभर उलटतपासण्या घेतलेल्या माणसाला हे कळणार नाही होय? एकदा देवमन गेल्यावर ते फणकारले, "मुद्दाम हरून राहिला तो. मला काय लहान पोर समजला?"

दिवाळीत चारुताचा मुलगा गौरांग पुण्याहून आला आणि त्याने आजोबांच्या लॅपटॉपवर एक गेम टाकून दिला. कंपनीबिंपनी काही नाही, दोन पोरांनी आपल्या हिमतीवर बनवलेला. चौघांची टोळी घेऊन मुलूख पार करायचा, वाटेत लढाया लढायच्या. चारुताने कपाळाला हात लावला. या वयात हे काय नवीन खूळ! पण या गेमला घाई म्हणून नव्हती. एक चाल शत्रूची, एक आपली. आपली पाळी आली की गेम थांबून राहायचा, मग डाव्या हाताने माऊस सरकवायला कितीही वेळ लागो.

"हे कोर्टासारखं आहे," मोरोपंत खूश होऊन म्हणाले. "समोरच्याचं होईस्तोवर बसायचं. मग आपण. मधे कोणी तोंड घालत नाही."

झटक्यापासून त्यांचं वाक्य संपायच्या आत घरातलं कोणीतरी ते पूर्ण करून टाकायचं. चारुताला ते आठवलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

टोळीतल्या वैद्यिणीला त्यांनी शैला नाव दिलं. ते त्यांच्या गेलेल्या बायकोचं नाव.

मग आला पूल, आणि पुलावर भाला घेऊन उभा असलेला सरदार. त्याचा भाला दर वेळी शैलाचा बळी घेई. या गेममध्ये मेलेलं माणूस परत येत नाही. उरलेल्या तिघांना घेऊन पुढे जाता येत होतं, पण मोरोपंत जायला तयार नव्हते. ते पुलाच्या अलीकडे साठवून ठेवलेला खेळ उघडून लढाई पुन्हा सुरू करत; तिथे शैला अजून जिवंत असे. कधी शैलाला खडकाआड ठेवून, कधी तिरंदाजाला पुढे धाडून. हरले की शिव्या हासडत, डावी मूठ टेबलावर आपटत आणि पुन्हा बसत. सरदाराचा कोणता वार किती लागतो, हे त्यांना कलमांसारखं तोंडपाठ झालं होतं. दिवाळी सरली, संक्रांत आली. पुढचं ताट निवून जाई. अलीकडे डावा हातही थरथरायला लागला होता. एकदा चारुताने दारातून पाहिलं, तर शैला पुन्हा पडली होती आणि म्हाताऱ्याचे डोळे भरले होते.

तिला ते बघवेना. तिने गौरांगला फोन लावला.

"एवढा अवघड काहून बनवला रे त्या पोरांनी? जीव घेतील तुझ्या आबांचा."

"आई, अवघड आहे म्हणूनच तर आबा खेळून राहिले."

"तुझं तत्त्वज्ञान राहू दे. सोपा कसा करायचा ते सांग."

"सेटिंगमध्ये आहे," तो कुरकुरत म्हणाला. "पण आबांना विचारून कर."

विचारलं असतं तर ते नाहीच म्हणाले असते. म्हणूनच तिने विचारलं नाही. दुपारी ते झोपले असताना तिने गेम उघडला आणि 'सोपं' निवडलं. इंग्रजीत कसलीशी सूचना आली. असल्या सूचना वाचतं कोण? तिने 'हो' दाबलं आणि मेथी निवडायला बसली.

चहानंतर आतून हाक आली. "चारुता! अगं ये लवकर!"

पूल पार झाला होता. पलीकडे शैला उभी होती. "वाचली! पाहिलं तू? वाचली शैला!" मोरोपंतांचा वाकडा झालेला ओठसुद्धा हसत होता. किती दिवसांनी हे घर हसलं होतं! तिने लगेच शिऱ्याला रवा भाजायला घेतला.

वाटी घेऊन ती परत आली तेव्हा ते हसत नव्हते.

"भाला लागला होता तिला," ते सावकाश म्हणाले. चारुताने वाक्य पूर्ण केलं नाही. "पुरा वार. त्या वाराने ती मरतेच. आज नुसती खरचटली. साक्षीदार फोडला कोणीतरी."

चारुताने शिऱ्याची वाटी टेबलावर ठेवली.

"तू?"

खोटं बोलायला तिची जीभ उचलेना. "तुमचे हाल बघवत नव्हते, बाबा."

"कर पहिल्यासारखं."

तिने घाईघाईने सेटिंग उघडलं. 'अवघड' हा शब्द फिका पडला होता, दाबला तरी दबत नव्हता. दुपारचीच ती सूचना पुन्हा वर आली; ती तिने आता वाचली. एकदा सोपी केलेली मोहीम पुन्हा अवघड करता येत नाही. पुलाच्या अलीकडचा जुना खेळही उरला नव्हता. नवा त्याच्याच जागी साठवला गेला होता. गौरांगला विचारलं. तो म्हणाला, पहिल्यापासून सुरू करावं लागेल.

"करू ना पहिल्यापासून," चारुता काकुळतीने म्हणाली. "मी बसते तुमच्याजवळ."

मोरोपंतांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग त्याच हाताने लॅपटॉप मिटायला घेतला. झाकण निसटलं. चारुताचा हात पुढे झाला आणि तिथेच थांबला. मदत करावी की करू नये, हेच तिला कळेना. शेवटी त्यांनीच ते कसंबसं मिटलं.

"देवमनला फोन लाव," ते म्हणाले. "म्हणावं, ये पत्ते घेऊन."

देवमन आले. मोरोपंतांनी पानं लाकडी पट्टीच्या खाचेत एकेक करून उभी केली. थोड्याच वेळात देवमनांनी हातातली पानं न्याहाळली, डोकं खाजवलं आणि इस्पिकची राणी खाली टाकली. मोरोपंतांना तीच हवी होती. त्यांनी राणीकडे पाहिलं, मग चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं, आणि राणी उचलून घेतली.

"जिंकलो," ते म्हणाले.