डाव्या बाजूची पाटी

मी सुतार आहे. दिसू नयेत अशा वस्तू बनवायचा मला पगार मिळतो. हे खरं सांगितलं की लोक हसतात, म्हणून हल्ली मी नुसतं "सरकारी नोकरी" म्हणतो. मग पुढचं कुणी काही विचारत नाही.

आमच्या संस्थेत लढाऊ विमानांचे लाकडी नमुने होतात, खऱ्या विमानाएवढे. लाकूड तासायचं, भेगांत लांबी भरायची, पॉलिश पेपरने घासायचं आणि वर धातूचा लेप द्यायचा, म्हणजे रडारला ते खरं विमान वाटतं. मग नमुना मोजणीच्या दालनात एका बारीक खांबावर चढवतात. त्या दालनाला खिडकी नाही. भिंतींवर, छतावर हातभर लांबीचे निळे स्पंजाचे शंकू लावलेत आणि ते आवाजही गिळतात. माणूस आत गेला की आपोआप खालच्या आवाजात बोलतो, निवड समितीचे अध्यक्ष सोडून. खांब सावकाश गोल फिरतो, समोर रडार असतं आणि शेजारच्या खोलीत पडद्यावर कळतं की विमान केवढं दिसतंय. आकडा दशांशात येतो, पण तोंडी तो कुणी घेत नाही. साधं लढाऊ विमान बसएवढं दिसतं. कलिंगडाएवढं दिसलं तर बरं म्हणायचं. लिंबाएवढं दिसलं तर रडारवाला स्वतःच्या खिशातून चहा मागवतो, आणि तो माणूस काही उधळ्या नाही.

त्या वर्षी तीन नमुन्यांची तुलना होती. तिन्ही मीच तासलेले, त्यामुळे कुणाचं काय लपतं आणि काय उघडं पडतं हे माझ्या बोटांना पाठ होतं.

पहिल्याला आम्ही चपटं म्हणायचो. ते परदेशी. त्याला शेपूट नाही आणि सगळ्या कडा मोजून दोनच दिशांना, म्हणजे रडारची लाट आपटते ती त्या दोन दिशांना निघून जाते, पाठवणाऱ्याकडे परत फिरकत नाही. समोरून गोटीएवढं. पण त्याच्या अंगावरच्या लेपाचे लाड फार. पाऊस लागला की नवा लेप, ऊन लागलं की नवा लेप, आणि राहायला एसी लावलेली शेड. माझ्या घरी पंखासुद्धा एकच आहे.

दुसरं देखणं, तेही परदेशी. नाकाजवळ दोन छोटे पंख, त्यामुळे वळायला चपळ. पण ते पंख हलले की रडारवर चमकतात. बॉम्ब पोटात, दारांच्या कडा करवतीसारख्या दातेरी, इथवर सगळं ठीक. मागे मात्र दोन गोल धुराडी तशीच उघडी ठेवलेली. समोरून लिंबू, मागून कलिंगड. आणि जीव घेऊन पळताना विमान शत्रूला मागूनच दिसतं, हे काढणाऱ्याच्या डोक्यात आलं नसावं.

तिसरं आमचं. खरं म्हणजे माझ्या ताईचं.

ताई संस्थेत मुख्य आराखडाकार. मी तिचा धाकटा भाऊ, शाळेत नापास होण्यात सातत्य राखलेला. घरी ती खालच्या मजल्यावर राहते, आम्ही वरच्या. घरी ती ताई आणि कामावर मॅडम, पण कामावर चिडली की मला घरच्यासारखंच बोलते. या विमानावर तिची अकरा वर्षं गेली होती. इंजिनाची पाती समोरून दिसली की रडारला आयतं निमंत्रण, म्हणून तिने हवेची वाट आतमध्ये वाकवली. पुढून डोकावलं तर नुसता अंधार. शेपटाचे दोन पंख बाहेरच्या बाजूला कलते. प्रत्येक दाराचे दाते पंखाच्या कडेच्याच कोनात. वैमानिकाच्या काचेवर सोन्याचा पापुद्रा, कारण आत शिरलेली लाट हेल्मेटवर आपटून चुगली करते. मी एखादा स्क्रू अर्धा केस वर ठेवला तरी ती नखाने ओळखायची आणि चारचौघांत माझी हजेरी घ्यायची.

अध्यक्षांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. तुलनेत मागे पडलं तर हा आराखडा कपाटात जाईल आणि विभाग बंद होईल. ताईच्या निवृत्तीला चार महिने उरले होते.

आणि एक माणूस होता, ज्याला यातलं कुठलंही विमान चाललं असतं. जे निवडलं जाईल ते उडवायचं काम कॅप्टनकडे होतं. सडपातळ, कमी बोलणारा माणूस, घरी दोन मुली. कधीमधी आमच्या कारखान्यात येऊन लाकडी विमानात बसायचा, कोपर कुठे लागतं ते बघायचा आणि लाकडाचा भुसा झटकून निघून जायचा. एकदा मी विचारलं, "कॅप्टन, तुम्हाला तिघांतलं कुठलं आवडतं?"

"आवडनिवड कसली," तो म्हणाला. "मला फक्त दिसायचं नाहीये."

सरावाच्या मोजणीत ताईचं विमान लिंबाएवढं आलं. चारही बाजूंनी. चपटं समोरून सरस होतं, पण बाजूने कलिंगडाकडे झुकायचं. ताईचं कुठूनही लिंबूच. रडारवाल्याने चहा मागवला. ताईने तो न फुंकता प्यायला, जीभ भाजून घेतली आणि तरी हसत राहिली. तिला इतकं मोकळं हसताना मी फार वर्षांनी पाहिलं आणि माझा ऊर भरून आला, हे कबूल करतो.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग आमच्या विमानाचं अनावरण आलं.

आमच्याकडे फीतसाहेब नावाचं प्रकरण आहे. हुद्दा शिष्टाचार अधिकारी, काम फिती कापवणं. संस्थेतला नवीन नळसुद्धा त्यांनी फीत कापल्याशिवाय सुरू होऊ दिलेला नाही. ते पितळेची पाटी घेऊन आले. दीड फूट लांब, फूटभर रुंद, वर मोठ्या अक्षरांत अध्यक्षांचं नाव आणि खाली समितीची आठ नावं, ज्येष्ठतेच्या क्रमाने.

"कुठे लावायची?" मी विचारलं.

त्यांनी दालन न्याहाळलं. खांब मनगटाएवढा. भिंतींना स्पंज, त्यात स्क्रू धरत नाही. जमिनीवर लावली तर साहेबांच्या नावावर पाय पडणार.

"विमानावर लावू," ते म्हणाले. "डाव्या बाजूला, काचेखाली. फोटो तिकडूनच निघतात."

मी म्हणालो, "साहेब, या विमानाचं कामच न दिसणं आहे."

"विमान नको दिसू दे. पाटी दिसली पाहिजे."

मी लेखी आदेश मागितला. मला वाटलं, कागद म्हटल्यावर हात आखडता घेतील. दहा मिनिटांत कागद आला, तीन सह्यांसकट. एरवी आमच्याकडे खिळ्यांच्या मागणीला तीन महिने लागतात. ताई त्या दिवशी मुख्यालयात होती. मी ड्रिल घेतलं आणि अकरा वर्षांच्या कामात चार भोकं पाडली.

दुसऱ्या दिवशी समितीसमोर मोजणी झाली. विमान फिरू लागलं, लिंबू, लिंबू, लिंबू. मग डावी बाजू रडारसमोर आली आणि पडदा पांढराफटक झाला. रडारवाल्याने चष्मा पुसला. बसच ती, तीही दारं उघडी टाकून उभी असलेली. समितीच्या तक्त्यात प्रत्येक विमानापुढे एकच रकाना होता, सर्वात मोठा आकडा. त्यात बस लिहिली गेली.

"ती पाटी आहे," ताई म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी बुटांकडे पाहिलं. "पाटी काढून पुन्हा मोजा. पाच मिनिटांचं काम आहे."

पाटीवरची नऊच्या नऊ नावं खुर्च्यांवर बसलेली होती.

"काढायला हरकत नाही," फीतसाहेब म्हणाले, "पण अनावरण झालेली पाटी काढायची पद्धत नियमात नाही. लावायची आहे."

ताई म्हणाली, "मग तुम्ही विमान मोजलं नाही. पाटी मोजलीत."

अध्यक्ष माणूस म्हणून तसे वाईट नव्हते. विचार करताना ते गालावर पेन आपटायचे. बराच वेळ पेन आपटून ते म्हणाले, "मॅडमचा मुद्दा रास्त आहे. एकालाच पाटी आणि दोघांना नाही, हा अन्याय आहे. तिघांनाही लावा."

अशा रीतीने मी आणखी आठ भोकं पाडली. चपट्याची परदेशी मंडळी मोजणीच्या दिवशी आली, पाटी बघून एकमेकांच्या कानात कुजबुजली आणि मग फार सभ्यपणे चहा प्यायली. तिन्ही विमानं फिरली. तिन्हींचा सर्वात मोठा आकडा एकच, दशांशापर्यंत. पाट्या एकाच मापाच्या होत्या ना.

समितीने निष्कर्ष काढला की तिन्ही विमानं सारख्याच दर्जाची अदृश्य आहेत. लपण्यात फरक नाही म्हटल्यावर तुलना शिडीवर आली. चपट्याची शिडी अध्यक्षांना चढताना डुगडुगली. देखण्याची अरुंद होती. आमची मी स्वतः केलेली, मजबूत सागवानी, दोन्ही बाजूंना कठडा. ताईचं विमान पहिलं आलं. मला वाटलं, चला, शेवटी गंगेत घोडं न्हालं.

पण निवडीच्या पत्रात खाली एक ओळ होती. विमान जसं मोजलं तसंच बांधलं जावं, त्यात कोणताही फेरफार होऊ नये, आणि तसं प्रमाणपत्र मुख्य आराखडाकाराच्या सहीने द्यावं. पाटीला सुट्या भागांच्या यादीत क्रमांकही मिळाला होता.

त्या संध्याकाळी मी खाली ताईच्या स्वयंपाकघरात गेलो. ती ओट्याला टेकून पत्र वाचत होती, चौथ्यांदा तरी.

"सही करून टाक," मी म्हणालो. "खऱ्या विमानावर पाटी मीच बसवणार ना. स्क्रू ढिले ठेवतो. पहिल्याच फेरीत पडेल, कुणाच्या बापाला कळणार नाही."

"पडेल कुठे?"

"पडेल कुठेतरी. खाली."

"तिच्या मागे दोन हातांवर हवेची वाट आहे. पितळेची पाटी सरळ इंजिनात जाईल." तिने चष्मा काढून ओट्यावर ठेवला. "तू लाकडाचं बघ. हवेचं मला कळतं."

"मग काय करणार?"

"सही केली तर माझं विमान उडेल. अकरा वर्षं मी दुसरं काही मागितलेलं नाही रे." तिने पत्र ओट्यावर पालथं ठेवलं. "आणि त्यात तो कॅप्टन बसेल. बसएवढा."

मी तिच्यासाठी चहा टाकला आणि त्यात साखर विसरलो. ती तो तसाच प्यायली.

तिने सही केली नाही. प्रमाणपत्रावर तिने एकच वाक्य लिहिलं, हे विमान पाटीसकट शत्रूला दिसेल. अध्यक्षांनी ते वाचलं, खेद व्यक्त केला आणि कागद तिच्या हाताखालच्या साहेबाकडे सरकवला. त्याने तिथल्या तिथे सही ठोकली. ताई निवृत्त झाली त्या दिवशी तो मुख्य आराखडाकार झाला आणि निरोपाच्या भाषणात तिला आपली गुरू म्हणाला.

दोन वर्षांनी विमान उडालं. वाऱ्यावर तेल सोडल्यासारखं गुळगुळीत वळत होतं, आणि ताई गच्चीवरून डोळ्यांवर हात धरून बघत होती. रडारच्या खोलीत म्हणे फार जल्लोष झाला. विमान शंभर मैलांवरून अगदी ठळक दिसलं, म्हणून अध्यक्षांनी यंत्रणेचं अभिनंदन केलं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी कॅप्टन घरी आला. दाराबाहेर बूट काढून, ताईच्या समोरच्या खुर्चीत अवघडून बसला. म्हणाला, पुढच्या आठवड्यात खरी कामगिरी आहे. सीमेच्या कडेकडेने जायचं आणि त्याच वाटेने परतायचं.

"मॅडम, काही करता येईल का?"

ताईला हा प्रश्न येणार हे ठाऊक असावं. तिने मला माझ्या खोलीतला हातभर लांबीचा लाकडी नमुना आणायला सांगितलं. कागदावर आकडे आधीच मांडलेले होते.

"पाटी सपाट आहे," ती म्हणाली. "ती फक्त डावीकडे चमकते. बाकी कुठूनही तुम्ही लिंबूच आहात. शत्रू सतत उजव्या हाताला ठेवा. त्याच्याकडे डावी बाजू एक क्षणही करायची नाही."

कॅप्टनचा चेहरा उजळला. "जाताना तो उजवीकडेच आहे."

"मग झालं."

"पण परत येताना डावीकडे असेल, मॅडम."

ताईने नमुना हातात फिरवला. तोंड घराकडे केलं. पाटीची बाजू सीमेकडे आली. तिने तो हळूच पाठीवर उलटा केला. पाटी दुसऱ्या अंगाला गेली.

"उलटं किती वेळ उडवता येतं?" तिने विचारलं.

"मिनिटभर. मग इंजिनाला इंधन पोचत नाही."

"आणि परतीची वाट?"

"चाळीस मिनिटं."

ताईने पेन उचललं, एक आकडा लिहिला, खोडला. पेन खाली ठेवलं. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज येत होता. मला इतकी लाज वाटली की मी हात खिशात घातले.

कॅप्टनने कागद नीट घडी करून वरच्या खिशात ठेवला.

"जायची तरी सोय झाली," तो म्हणाला, आणि बूट घालायला दाराशी वाकला.