मेंदूचं निमित्त

"काम टाळणारा माणूस आळशी नसतो," घनश्याम मोबाइलसमोर बसून सांगत होता. "त्याचा मेंदू त्याला वाचवत असतो."

आत पोळ्या लाटणाऱ्या सुचित्राने ओठ मुडपले. मेंदूने त्याला बरंच वाचवलं होतं. नोकरीपासून वाचवलं, दळणापासून वाचवलं, गळक्या नळापासून तर वर्षभर वाचवत आला होता.

ती राळेगाव आगारात एसटीची कंडक्टर होती. सकाळची यवतमाळ गाडी तिची. घनश्यामची शिकवणी बंद पडली तेव्हापासून घर तिच्या पगारावर चालत होतं आणि तो बाहेरच्या खोलीत पडदा बांधून व्हिडिओतून लोकांना चालढकल सोडवण्याचं शास्त्र शिकवत होता. डोक्यात म्हणे बदामाएवढी एक गाठ असते. नको असलेलं काम समोर आलं की ती वाघ दिसल्यासारखी घाबरते आणि माणसाला पळवून लावते. उपाय एकच, पहिलं पाऊल इतकं लहान टाकायचं की गाठीला पत्ता लागू नये. उमेद आधी येत नाही. हात चालू लागला की ती मागून येते.

सुचित्राचं मत वेगळं होतं. याच्या डोक्यात गाठ वगैरे काही नाही, अख्खं डोकंच गाठ आहे.

तेवढ्यात शकुबाईंनी चहा कपाच्या बाजूला ओतला. सासूबाईंचे दोन्ही डोळे मोतीबिंदूने भरत आले होते. ओट्यावरून चहा ओघळला तरी त्या किटली तिरपी धरून उभ्याच होत्या. सुचित्राने किटली काढून घेतली, पण तिची नजर होती पडद्याकडे. बघ, बघ म्हणावं आपल्या मायला. पडदा हलला नाही.

गावातल्या डोळ्यांच्या शिबिरात डॉक्टरांनी सांगून दोन दिवाळ्या झाल्या होत्या. यवतमाळला न्या, ऑपरेशन करून घ्या, पिकू देऊ नका. घनश्यामने आधी थंडी पडू द्या म्हटलं. थंडी पडल्यावर म्हाताऱ्या माणसाला थंडीत कुठे नेता म्हटलं. मग उन्हाळा आला. सुचित्राने दोनदा आठवण केली आणि नंतर तोंड मिटून घेतलं. तुमची माय आहे, तुमी नेजा, एवढं एकदा ऐकवून ती मोकळी झाली.

गाडीत मात्र तिचं तोंड मिटलेलं नसायचं. ड्रायव्हर फुलसिंगला ती कळंबपर्यंत नवऱ्याच्या करामती ऐकवायची. "काल शंभर लोकायले सांगून राह्यला होता, सकाळी उठल्याबरोबर सगळ्यात जड काम करा. स्वतः नऊले उठला अन् मले विचारते, चहा झाला काय?" फुलसिंग स्टिअरिंगवर हात आपटून हसायचा. यवतमाळात शिरताना डाव्या हाताला डोळ्यांचा दवाखाना लागायचा. रोज जाताना, रोज येताना. ती पाटी मागे पडली की सुचित्राच्या मनात काहीतरी सुखावल्यासारखं व्हायचं. अजून नाही आणलं यानं. आजही नाही.

पोळ्याच्या आधल्या आठवड्यात पहाटे शकुबाई कण्हत उठल्या. उजवा डोळा लालभडक झालेला, डोकं फुटल्यासारखं दुखत होतं, उलट्या थांबेनात. घनश्याम उंबऱ्यात उभा राहून मोबाइलवर काहीतरी शोधत होता.

"ठेवा तो डबा बाजूले," सुचित्रा म्हणाली. "लुगडं आणा त्यायचं."

तिने सासूला आपल्याच गाडीत, दाराजवळच्या आपल्याच सीटवर बसवलं आणि स्वतः पूर्ण रस्ता उभ्याने तिकिटं फाडली. घनश्याम मागच्या बाकावर बसून होता. फुलसिंगने न सांगता गाडी दवाखान्यासमोर उभी केली. त्या दिवशी तो हसला नाही. बसस्टँडवर कंट्रोलरला सांगतो, बदली माणूस पाहतो, तू उतर, एवढंच म्हणाला.

वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बराच वेळ तपासलं. मोतीबिंदू जास्त पिकून डोळ्यातला दाब वाढला होता, आतली नस गेली होती. दुखणं थांबेल, या डोळ्याची नजर येणार नाही. दुसरा वाचेल. काही महिने आधी आणलं असतं तर दोन्ही वाचले असते.

"आजी, यवतमाळला आणणारं कोणी नव्हतं का?" त्यांनी विचारलं.

शकुबाईंच्या चेहऱ्यावर त्या दुखण्यातही कौतुक आलं. "हाय ना बाई. माही सून रोज येते. तिची गाडी या दवाखान्यासमोरूनच जाते."

डॉक्टरीणबाईंनी सुचित्राच्या खाकी कपड्यांकडे पाहिलं, मग कागदाकडे पाहून लिहायला लागल्या.

घनश्याम वर आलाच नव्हता. तो जिन्याच्या खालच्या पायरीवर कठडा धरून बसलेला सापडला. सुचित्राच्या जिभेवर शब्द तयार होते, चांगले धारदार. त्याने मान वर केली नाही.

"बापू असेच ऑपरेशनले गेलते," तो म्हणाला. "चालत गेलते. मीच भरती केलतं. त्यायले घेऊन मी घरी आलोच नाही."

सासरे दवाखान्यातच गेल्याची ही गोष्ट तिला माहीत होती. लग्नाआधीची होती, कोणीतरी एकदा सांगितलेली. तिने ती कधीच बाजूला टाकून दिली होती, कारण आळशी नवऱ्याच्या गोष्टीत ती बसत नव्हती. हा वाघाला भ्याला, ते समजलं. मग आपण कशाला भ्यालो? आपल्याला तर साधं सासूला गाडीत बसवायचं होतं. बसवलं असतं तर उद्या फुलसिंगला सांगायला काही उरलं नसतं, बाकी कसली भीती होती? ती त्याच्या शेजारून वर गेली आणि भरतीच्या कागदावर तिने सही केली.

डावा डोळा नीट झाला. शकुबाई घरी आल्या. पुढच्या आठवड्यात घनश्यामने पडदा बांधला आणि सुचित्राने चूल पुसता पुसता कान टवकारले. आता हा सांगेल, मी कसा चालढकलीवर मात केली, आईला कसं दवाखान्यात नेलं.

"मी नेलं नाही," तो सांगत होता. त्याचा आवाज नेहमीसारखा गोल नव्हता. "मी सगळं वाचून बसलो होतो, तरी नेलं नाही. माझ्या बायकोने नेलं. तिच्या डोक्यात उद्या हा शब्दच नाही. मी जे बोलतो ते ती करते."

हा व्हिडिओ मात्र लोकांनी पाहिला. गाडीत बाया ओळखू लागल्या. सून असावी तर अशी, म्हणाल्या. फुलसिंगने आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे. सुचित्राने सुटे मागितले. कळंबपर्यंत ती मागच्या बाकांवरच तिकिटं फाडत राहिली.

रविवारी दुपारी शकुबाई ओसरीवर सुपात तुरीची डाळ निवडत होत्या. खडा दिसावा म्हणून मान कोंबडीसारखी कलती करायच्या, हात सुपाच्या डाव्या अंगालाच फिरायचा, उजव्या अंगाचे खडे तसेच राहायचे. सुचित्रा त्यांच्या उजवीकडे येऊन टेकली. तिच्या येण्याचा त्यांना पत्ता लागला नाही.

"सुचित्रा, कुठं हाय व तू?" त्यांनी समोर बघत विचारलं.

"इथंच हाय, आत्याबाई."

ती उठली, मागून वळसा घालून दुसऱ्या बाजूला जाऊन बसली आणि सूप दोघींच्या मध्ये ओढून घेतलं.